कोरियाची वीरकन्या यू ग्वान-सून
(बौद्ध महिलांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांसमोर एका परदेशी मुलीची हकीकत ठेवणार आहे. ही मुलगी बौद्ध नव्हती. तिचे घराणे नव्याने ख्रिस्ती झालेले होते. आपणांप्रमाणे अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातही तिचा जन्म झालेला नव्हता. मग धम्माच्या ह्या व्यासपीठावरून तिचे नाव कशासाठी घ्यावयाचे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे.

दीक्षा घेतल्यावर आपल्या घरांतील भिंतींवरून पुष्कळ तसबिरी उतरल्या. त्या जागी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. परंतु आपल्या लेकी ज्या कथा ऐकत वाढतात त्या कथा तसबिरींइतक्या सहज उतरत नाहीत. पतीच्या मागे वनात जाणारी, यमाच्या मागे चालत राहणारी, अग्नीत प्रवेश करणारी, हेच स्त्रीच्या मोठेपणाचे नमुने शतकानुशतके आपल्या कानांवर पडत आले. ते टाकावयाचे तर त्यांच्या जागी दुसरे हवेत. आणि दुसरे निवडताना जुनी खोड पुन्हा लागू नये, हीही काळजी हवी. ती खोड म्हणजे माणसाचा देव करण्याची. ज्या मुलीची हकीकत मी सांगणार आहे तिच्या देशबांधवांनी तिला पुष्कळ मान दिला, आणि मान देता देता कित्येकांनी तिला माणसांतून उठवून देव्हाऱ्यात नेऊन बसविले. मला तिला तेथून खाली आणून आपल्या शेजारी बसवावयाचे आहे.

तिचे नाव यू ग्वान-सून. त्या देशात आडनाव आधी येते आणि नाव मागून. यू हे आडनाव, ग्वान-सून हे नाव.

कोरिया हा चीन आणि जपान यांच्यामधला द्वीपकल्पाचा देश. तेथे इसवी सन ३७२ मध्ये बौद्ध धम्म पोहोचला आणि पुढील हजार वर्षे त्याची भरभराट झाली. १३९२ साली जोसोन राजवंशाची सत्ता आली. ह्या राजांनी कन्फ्यूशियसची शिकवण राज्याची शिकवण म्हणून स्वीकारली आणि धम्माचे दिवस फिरले. भिक्षूंची गणना समाजाच्या तळाशी असलेल्या हीन वर्गांत होऊ लागली. राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकण्यास त्यांना बंदी झाली आणि ती बंदी १८९५ साली उठली. वेशीबाहेर म्हणजे काय, हे ह्या सभेत कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. त्याच तळाच्या थरात बेकजोंग नावाचे लोक होते. जनावरे कापावयाची, कातडी कमवावयाची, वेताच्या-बांबूच्या वस्तू विणावयाच्या आणि गावापासून वेगळे राहावयाचे, हे त्यांचे जिणे. १८९४ साली कायद्याने हे जन्मजात भेद रद्द झाले, म्हणजे कागदावर रद्द झाले. ह्या बेकजोंगांकडे मी शेवटी परत येणार आहे. त्यांना लक्षात ठेवावे.

१९१० साली जपानने हा देश आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला. लष्करी गव्हर्नर-जनरल आला, पोलिसांचे काम लष्करी शिपायांच्या हाती गेले, शाळेतील मास्तरही कमरेला तलवार लटकावून वर्गात येऊ लागले. १९११ च्या हुकुमाने बौद्ध विहारांचा कारभार गव्हर्नर-जनरलच्या मंजुरीखाली गेला. १९१२ च्या हुकुमाने फटक्यांची शिक्षा ठेवण्यात आली आणि ती फक्त कोरियन माणसांसाठी ठेवण्यात आली. कायद्यातील ह्या ‘फक्त’ शब्दाचे वजन आपण पिढ्यान् पिढ्या पाठीवर वाहिले आहे.

अशा देशात, चोनानजवळच्या एका खेड्यात, १६ डिसेंबर १९०२ रोजी ग्वान-सूनचा जन्म झाला. वडिलांचे नाव यू जुंग-ग्वोन, आईचे यी सो-जे. घर श्रीमंत नव्हते. अॅलिस शार्प नावाच्या एका मिशनरी बाई त्या भागात फिरून मुलींच्या शिक्षणाचे काम करीत. त्यांच्या शिफारशीमुळे ही मुलगी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी राजधानी सोल येथील इव्हा शाळेत गेली. फी माफ, अट एवढीच की शिक्षण संपल्यावर तिने शिक्षिका म्हणून काम करावे. ही इव्हा शाळा मेरी स्क्रँटन ह्या अमेरिकन बाईंनी १८८६ साली काढली. आरंभी कोणीही आपली मुलगी पाठविण्यास तयार नव्हते. एकाच विद्यार्थिनीवर शाळा सुरू झाली. आपल्याकडे पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा काय झाले, ते आपणांस ठाऊक आहे. मुलीच्या हाती पुस्तक दिसले की घाबरणारा समाज एकाच देशात राहत नाही.

आता आपण १९१९ सालाकडे येऊ. ते साल आपल्याही इतिहासातले आहे. त्याच वर्षी जानेवारीत तरुण बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी मांडली आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या. कोरियात २१ जानेवारीला पदच्युत राजा गोजोंग मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेसाठी ३ मार्च हा दिवस ठरला आणि देशभरातून लोक राजधानीत लोटले. ही संधी साधून १ मार्च रोजी ३३ प्रतिनिधींच्या सह्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. सह्या करणाऱ्यांत १६ ख्रिस्ती होते, १५ चोन्दोग्यो ह्या देशी पंथाचे होते आणि दोघे बौद्ध भिक्षू होते. ज्यांच्या गुरूंना पंचवीस वर्षांपूर्वी त्या शहरात पाऊल टाकता येत नव्हते, ते दोघे त्या शहरात देशाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले.

ह्या दोघांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एक हान योंग-उन. हे कवी होते आणि सुधारकही. १९१३ साली त्यांनी कोरियन बौद्ध धर्माच्या सुधारणेवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि विहारांनी डोंगरकपारी सोडून लोकवस्तीत यावे, असे मांडले. उठावाबद्दल त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरे बेक योंग-सोंग. तुरुंगात त्यांनी पाहिले की ख्रिस्ती कैदी आपले धर्मग्रंथ कोरियन भाषेत वाचतात आणि बौद्धांचे ग्रंथ मात्र चिनी लिपीत कोंडलेले आहेत. सुटून आल्यावर १९२१ साली त्यांनी ते ग्रंथ लोकभाषेत आणण्याचे काम हाती घेतले. जो धर्म आईला समजत नाही तो लेकराला काय समजणार?

आता १ मार्चचा तो दिवस. ठरल्याप्रमाणे पुढाऱ्यांनी उद्यानात जमलेल्या लोकांपुढे जाहीरनामा वाचावयाचा होता. परंतु गर्दीत रक्तपात होईल ह्या धास्तीने ते एका उपाहारगृहात जमले, तेथे जाहीरनाम्याची घोषणा केली आणि पोलिसांना आपण होऊन कळवून अटक करून घेतली. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. रक्तपात टाळणे हा हेतू चांगलाच. पण उद्यानात विद्यार्थी वाट पाहत राहिले. शेवटी त्यांच्यापैकी एका तरुणाने चढून जाहीरनामा वाचला आणि ‘मान्से’ ही घोषणा उठली. मान्से म्हणजे दहा हजार वर्षे. ‘चिरायु होवो’ असा तिचा अर्थ. पुढारी तुरुंगात गेले आणि उठाव राहिला मुला-मुलींच्या, शेतकऱ्यांच्या, बाजारातल्या माणसांच्या हाती. म्हणून त्याला लोकांचा उठाव म्हणावयाचे.

इव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका लुलू फ्राय यांनी आपल्या मुलींना आवरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. ग्वान-सून आणि तिच्या मैत्रिणी शाळेची भिंत ओलांडून मोर्चात गेल्या. शाळेने अक्षर दिले होते. भिंत ओलांडण्याची परवानगी कोणतीच शाळा देत नाही, ती ज्याची त्याने घ्यावयाची असते. १० मार्च रोजी सरकारने शाळा बंद करण्याचा हुकूम काढला. सरकारला वाटले, शाळा बंद झाल्या म्हणजे विद्यार्थी पांगतील आणि आग विझेल. विद्यार्थी पांगले खरे, पण आपापल्या गावी गेले आणि प्रत्येकाबरोबर एक ठिणगी गेली. १३ मार्चला ग्वान-सून आपल्या यू ये-दो ह्या चुलत बहिणीसह घरी परतली.

भगिनींनो, ह्या पुढच्या सतरा-अठरा दिवसांकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कथा सांगणारे हे दिवस भराभर उरकतात, कारण त्यांत गोळीबार नाही, रक्त नाही. परंतु तिचे खरे कर्तृत्व ह्याच दिवसांत आहे. सोळा वर्षांची एक पोर गावातील वडीलधाऱ्यांपुढे उभी राहून राजधानीत काय घडले ते सांगते. मग ती शेजारच्या गावी जाते, तेथून पुढच्या गावी. पायी. घरोघरी झेंडे तयार होतात. कोणत्या दिवशी, कोणत्या बाजारी, कोणी कोणत्या वाटेने यावयाचे हे ठरते. एवढ्या गावांत एवढी माणसे गुप्त बेत जाणतात आणि बेत फुटत नाही. संघटन म्हणतात ते हेच. आपल्या चळवळीतील आयाबहिणींनी भाकरी बांधून, घरोघर निरोप पोचवून परिषदा भरविल्या आहेत. हे काम वर्तमानपत्रांत कधी आले नाही, पण त्याच्याशिवाय महाड झाले नसते आणि नाशिकही झाले नसते.

त्या वडीलधाऱ्यांनी सोळा वर्षांच्या मुलीचे ऐकले कसे? ती शिकलेली होती म्हणून ऐकले, जे सांगत होती ते डोळ्यांनी पाहून आलेली होती म्हणूनही ऐकले. आणि आणखी एका कारणाने ऐकले. तिचा बाप तिच्या पाठीशी उभा होता. ‘तू मुलगी आहेस, गप्प बस’ असे तो म्हणाला नाही. तिच्याबरोबर तोही ह्या कामात पडला. यू जुंग-ग्वोनवर कोणी व्याख्यान देत नाही. येथे बसलेल्या पुरुषांनी आज रात्री घरी जाताना ह्या बापाचा विचार करावा. मुलीला शाळेतून काढून तिच्या लग्नाची घाई करणारे बाप आपल्या वस्त्यांत अजून आहेत. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, पण मुलीचे पुस्तक बंद झाले, तर त्या घरात कोणता बदल झाला? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मापाने आपले घर आपणच मोजून पाहावे.

३१ मार्चच्या रात्री मेबोंग टेकडीवर आग पेटली. ती खूण होती. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल १९१९ रोजी, आउने येथील बाजाराच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे जमली. ग्वान-सूनने झेंडे वाटले. मान्सेचा घोष झाला. लोकांच्या हाती शस्त्र नव्हते. जाहीरनाम्यातच शांततेने आणि शिस्तीने वागण्याचे बंधन होते. लष्करी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, संगिनी चालविल्या. १९ माणसे मेली. त्यांत तिचे वडील होते आणि तिची आईही होती. लोकांनी तिच्या वडिलांचे प्रेत उचलून पोलीस ठाण्यासमोर नेले आणि जाब विचारला. मुलीला पकडण्यात आले.

संपूर्ण देशात ह्या उठावात किती माणसे मारली गेली? जपानी सरकारच्या हिशेबी ५५३. कोरियन इतिहासकार पार्क उन-सिक यांच्या हिशेबी ७,५०९. दोन आकड्यांमधील हे अंतर पाहून आपणांस नवल वाटू नये. आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा पंचनाम्यातील आकडा आणि वस्तीतील आकडा कधी जुळला होता?

कोंग्जूच्या न्यायालयाने ग्वान-सूनला पाच वर्षांची शिक्षा दिली. अपिलात, ३० जून १९१९ रोजी, ती तीन वर्षांवर आली. तीन वर्षे ही मोठी शिक्षा होती. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ३३ पुढाऱ्यांपैकी कोणालाही तीन वर्षांहून अधिक शिक्षा झाली नाही. राज्यकर्त्यांच्या तराजूत बाजारात झेंडे वाटणारी मुलगी आणि देशाचा पुढारी समान वजनाचे ठरले. इतिहासकार तिला पुढाऱ्यांच्या रांगेत बसवोत न बसवोत, न्यायाधीशाने बसविले होते. कोंग्जूला तिची थोरल्या भावाशी गाठ पडली; तोही तेथील निदर्शनात पकडला गेला होता. आईबाप मारले गेलेले, भाऊबहीण कैदेत, आणि मागे घरी लहान भावंडे. वरच्या न्यायालयात आणखी अपील करण्यास तिने नकार दिला.

सोलच्या सोदेमून तुरुंगात स्त्रियांच्या आठ नंबरच्या कोठडीत तिला ठेवले होते. १ मार्च १९२० रोजी, उठावाला वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, तुरुंगात पुन्हा मान्सेचा घोष झाला आणि त्यात ती पुढे होती. त्यापायी तिला मारहाण झाली. एप्रिलमध्ये राजघराण्यातील एका विवाहानिमित्त कैद्यांच्या शिक्षा कमी झाल्या, तिचीही अर्ध्यावर आली. परंतु शरीर खचले होते. २८ सप्टेंबर १९२० रोजी, छळ आणि उपासमार यांनी, ती तुरुंगात मरण पावली. वय सतरा.

येथून पुढे दंतकथा सुरू होते, म्हणून सावधपणे ऐकावे. तिच्या प्रेताचे तुकडे करून ते शाळेकडे पाठविण्यात आले, अशी कथा कोरियात पुष्कळ दिवस सांगितली जात होती. पण ज्या जॅनेट वॉल्टर बाईंनी शाळेच्या वतीने ते प्रेत ताब्यात घेतले आणि स्वतःच्या देखरेखीखाली त्याला वस्त्रे घातली, त्यांनी पुढे स्पष्ट सांगितले की प्रेत अखंड होते. ही बाई राज्यकर्त्यांची वकिली करणारी नव्हती. तिने फक्त पाहिले ते सांगितले. तुकड्यांची कथा रचणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. त्यांना वाटले असेल की अत्याचार मोठा दाखविला म्हणजे हौतात्म्य मोठे होते. आईबाप डोळ्यांदेखत गेलेली सतरा वर्षांची मुलगी तुरुंगात मार खाऊन मरते, एवढे ज्याला पुरत नाही त्याला तुकडेही पुरणार नाहीत. उलट असे होते की एक खोटी गोष्ट उघडकीस आली म्हणजे शत्रू तिच्याआड सगळ्या खऱ्या गोष्टी झाकून टाकतो. भगवंतांनी कालामांना उपदेश केला तो ह्याच जातीचा होता: परंपरेने आले म्हणून, पुष्कळ लोक म्हणतात म्हणून, काही खरे मानू नका. हा उपदेश केवळ जुन्या पोथ्यांसाठी नाही. आपल्याला प्रिय असलेल्या माणसांच्या कथांनाही तो लागू करावयाचा आहे, आणि तो तेथेच अधिक कठीण आहे.

तिचा अंत्यविधी १४ ऑक्टोबर १९२० रोजी झाला. ही तारीख आपल्या घरांत दुसऱ्या कारणाने लाडकी आहे. योगायोगाला अर्थ चिकटविण्याची सवय आपण दीक्षेच्या दिवशी सोडली, म्हणून तारीख सांगून मी पुढे जातो. तिला इतेवोनच्या सार्वजनिक स्मशानात पुरले. पुढे ती दफनभूमी हलविण्यात आली आणि त्या उलथापालथीत तिची कबर हरवली. आज मेबोंग टेकडीवर तिची समाधी आहे. त्या समाधीत काही नाही.

१९४५ साली जपानची सत्ता जाईपर्यंत तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यानंतर चरित्र आले, १९४८ मध्ये चित्रपट निघाला, पाठ्यपुस्तकांत धडा आला. दक्षिण कोरियाच्या शासनाने १९६२ साली तिला मरणोत्तर सन्मानपदक दिले आणि २०१९ साली, उठावाच्या शताब्दीच्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीचे पदक दिले. हे सर्व योग्य झाले. पण मान देण्याच्या ह्या रीतीत एक गोष्ट घडते. प्रकाश एका चेहऱ्यावर पडतो आणि शेजारचे चेहरे अंधारात जातात.

म्हणून त्या आठ नंबरच्या कोठडीत मी आपणांस पुन्हा नेतो. तेथे ग्वान-सून एकटी नव्हती. ओ युन-ही नावाची विधवा होती. तिने केसोंग शहरात जाहीरनाम्याच्या प्रती वाटल्या होत्या. ग्वोन ए-रा नावाची शिक्षिका होती. सिम म्योंग-चोल नावाची एक अंध स्त्री होती. आणि किम ह्यांग-ह्वा होती. ही सुवोन शहरातील गिसेंग. गिसेंग म्हणजे गाणे-नाचणे करून धनिकांच्या मैफिली रिझविणारी, जन्माने हीन गणली गेलेली स्त्री. जपानी अमदानीत ह्या स्त्रियांना सक्तीने वैद्यकीय तपासणीसाठी हजर राहावे लागे. त्यातली मानखंडना सांगावयास नको. २९ मार्च १९१९ रोजी सुमारे तीस गिसेंग ह्या तपासणीसाठी निघाल्या आणि पोलीस ठाण्यासमोर उभ्या राहून त्यांनी मान्सेचा घोष केला. किम ह्यांग-ह्वा त्यांच्या पुढे होती. तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. शाळकरी मुलीचे नाव पाठ्यपुस्तकात आले. गिसेंगची दखल शासनाने घेतली ती २००९ साली, नव्वद वर्षांनी.

असे का झाले, हे आपणांस कळणे अवघड नाही. वीरांगना निष्कलंक असावी, कुमारिका असावी, चांगल्या घरची असावी, अशी समाजाची इच्छा असते. ज्या स्त्रीला समाजाने आधीच चिखलात लोटले आहे तिच्या हातात झेंडा पाहून समाज ओशाळतो. आपल्याकडेही मुरळी, जोगतिणी, देवदासी म्हणून आपल्याच जातींतील मुली देवाच्या नावाने सोडल्या गेल्या. जून १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी ह्या भगिनींची सभा घेतली, त्यांना त्या जीवनातून बाहेर येण्यास सांगितले, आणि धर्मांतराच्या चळवळीत त्यांचीही जागा आहे हे दाखवून दिले. बाबासाहेबांनी त्यांना सभेबाहेर ठेवले नाही. आपण आपल्या इतिहासाबाहेर ठेवतो काय?

आता बेकजोंगांकडे येतो. १९१९ साली ‘मान्से’ म्हणणारा देश एक होता असे सांगतात. परंतु चारच वर्षांनी, एप्रिल १९२३ मध्ये, चिंजू शहरात बेकजोंगांना स्वतःची निराळी संघटना काढावी लागली. कारण काय? त्यांच्या मुलांना शाळेत घेत नव्हते. पैसा असलेल्या बेकजोंगाच्या मुलांनाही घेत नव्हते. त्या संघटनेचे नाव ह्योंगप्योंगसा. खाटकाच्या तराजूवरून घेतलेले नाव. मांस तोलणाऱ्या तराजूने माणसेही समान तोलावीत, असा त्याचा भाव. आणि तिच्यावर चालून कोण आले? जपानी शिपाई नव्हे, गावचे कोरियन शेतकरी आले. त्यांनी बेकजोंगांकडील मांसावर बहिष्कार टाकला, सभांवर हल्ले केले. परकीय सत्तेविरुद्ध मान्से म्हणणारे तोंड शेजारच्या माणसाला माणूस म्हणावयास तयार नव्हते. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्यावर ज्यांनी लाठ्या चालविल्या तेही पारतंत्र्यातीलच लोक होते.

आणखी एक गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे. जपानमध्येही बहिष्कृत गणलेला समाज होता आणि त्याने मार्च १९२२ मध्ये सुईहेइशा ही समतेची संघटना काढली होती. ह्या दोन संघटनांनी एकमेकींशी संबंध जोडले. राज्य करणाऱ्या देशातील बहिष्कृत आणि गुलाम देशातील बहिष्कृत एकमेकांना ओळखू शकले.

ग्वान-सूनचा ह्यात दोष नाही. ती सतराव्या वर्षी गेली. ह्योंगप्योंगसा स्थापन होण्याआधी तीन वर्षे. तिने ज्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिला त्यात बेकजोंगाच्या मुलीला तिच्या बाकावर जागा होती की नाही, हे ठरविण्याची संधी तिला मिळालीच नाही. ते ठरविणे मागे राहिलेल्यांचे काम होते, आणि मागे राहिलेल्यांनी तिचे पुतळे उभारणे अधिक सोपे मानले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला तो पुतळे उभारणाऱ्या प्रत्येक समाजाने आठवावा. आपणही त्यातून सुटलेलो नाही. आपल्याही काही घरांत तसबिरीपुढे नारळ फुटू लागले आहेत, हे मला येथे कटुतेने नव्हे, पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

माझी आपणांस एक विनंती आहे. ही हकीकत घरी मुलींना सांगावी, आणि सांगताना ती यू ग्वान-सूनवरच थांबवू नये. तिच्या बापाचे नाव घ्यावे. कोठडीतील किम ह्यांग-ह्वाचे नाव घ्यावे आणि ती कोण होती हे न लपवता सांगावे. मुलीने विचारले की ‘प्रेताचे तुकडे केले होते का?’ तर ‘नाही’ असे उत्तर द्यावे. तिने विचारले की ‘ती आपल्यातली होती का?’ तर त्यालाही ‘नाही’ असेच उत्तर द्यावे, आणि मग ती पुढे काय विचारते ते ऐकावे. विहारातील पुढल्या सभेत ही हकीकत मोठ्या माणसांनी नव्हे, शाळेत जाणाऱ्या मुलींनी उभे राहून सांगावी, अशी माझी इच्छा आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या दोघी-तिघी मघापासून वहीत काही लिहून घेत आहेत. कोरियन नावे उच्चारावयास थोडी जड आहेत. त्यांनी थांबावे, मी ती पुन्हा एकदा सावकाश सांगतो.

जयभीम.